वास कुणाचा?

पहिल्या पावसाच्या मृद्गंधावर वार्षिकांकात दरवर्षी एखादा तरी लेख असतोच. ग्रंथालयात मागचे काही अंक चाळले, म्हणून खात्रीनं सांगते. मातीचा वास, अंगणातल्या प्राजक्ताचा वास, आईच्या पदराचा वास, नव्या पुस्तकाचा वास. सगळे चांगले वास लिहून झाले आहेत. मी ज्या वासाबद्दल लिहिणार आहे त्याच्या वाट्याला कुणी गेलेलं दिसत नाही. मोटारीतला एसी सुरू केला की पहिल्या मिनिटाला जो कुबट वास येतो, तो. तुम्ही म्हणाल, हा काय लेखाचा विषय झाला? दोन वर्षांपूर्वी मीही असंच म्हटलं असतं.

आमच्याकडे मोटार आहे असं सांगितलं की वर्गातल्या मैत्रिणी डोळे मोठे करतात. मग पुढचं सांगावं लागतं. मोटार आमची आहे, पण आमच्यासाठी नाही. तिची नंबराची पाटी पिवळी आहे. आबा ती भाड्यानं चालवतात आणि बँकेचे हप्ते अजून फिटायचे आहेत. आबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गाव चिपळूणपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. सकाळची एस.टी. चुकली आणि आबांना त्या वाटेचं भाडं असलं, तर ते गिऱ्हाइकाला विचारतात, "साहेब, मुलीला कॉलेजपर्यंत सोडू का? पुढंच बसेल." गिऱ्हाईक बहुधा हो म्हणतं. मग मी दप्तर मांडीवर घेऊन, अंग चोरून पुढच्या सीटवर बसते.

जुलै २०२४ मधली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. मुंबईला परत निघालेलं एक कुटुंब मागे बसलं होतं. पाऊस असा की पुढचं काही दिसू नये. काचेवर आतून वाफ धरू लागली, म्हणून आबांनी एसी लावला. कोकणात पावसाळ्यात एसी लागतो तो गारव्यासाठी नाही, काच स्वच्छ राहावी म्हणून. एसी लागला आणि तो वास आला. ओलं फडकं कोपऱ्यात चार दिवस पडून राहावं तसा. मागच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. थोड्या वेळानं ते गृहस्थ पुढे वाकले आणि अगदी हळू, समजुतीच्या सुरात म्हणाले, "ड्रायव्हर, रागावू नका हं. पण सकाळी जरा आंघोळ वगैरे करून येत चला."

आबा म्हणाले, "हो साहेब."

एवढंच. ते गृहस्थ ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला नंतर किती वेळा वाटलं! ओरडणाऱ्या माणसाला उलट बोलता तरी येतं. आबा पहाटे चारला उठून, गार पाण्यानं आंघोळ करून, देवाला हात जोडून मग गाडीला हात लावतात हे मला माहीत होतं. मी ते सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. कॉलेज येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

त्या दिवसापासून आबा बदलले. मुळातले कमी बोलणारे, ते आणखी गप्प झाले. दोन वेळा आंघोळ करू लागले. पावडरीचा डबा आला. आईला सांगून एक जादा सदरा पिशवीत घालून नेऊ लागले आणि गिऱ्हाईक घ्यायच्या आधी वाटेत कुठंतरी बदलू लागले. आईनं विचारलं तर म्हणाले, "घाम येतो." गाडीत लिंबाच्या वासाची डबी आली, मग मोगऱ्याची. त्यानं झालं असं की कुबट वास, लिंबू आणि मोगरा असे तिन्ही एकत्र नाकात शिरू लागले. भाडी मिळवून देणाऱ्या माणसानं एकदा आडून विचारलं, "गाडी पुरातली तर नाही ना?" २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या माणसाला ओलीच्या वासाबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. तो वास आला की त्याला बुडालेली बाजारपेठच आठवते. आमची गाडी पुरात नव्हती. पण हळूहळू त्याचे फोन कमी झाले.

आबांना स्वतःला तो वास येत नव्हता, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मानसशास्त्र घेतलेल्या माझ्या मैत्रिणीनं मला नंतर समजावलं, की एकच वास सतत आला तर काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. बाहेरून आलेल्याला जे चटकन जाणवतं ते आत बसलेल्याला जाणवत नाही. आबा दिवसाचे बारा-बारा तास त्या गाडीत. वास आहे की नाही हेच त्यांना कळत नव्हतं, तर तो आपला नाही असं ते कशाच्या जोरावर म्हणणार? साहेब म्हणाले म्हणजे असेल, असं त्यांनी मानलं.

ऑगस्टमध्ये भूगोलाच्या तासाला सरांनी दवबिंदू शिकवला. कॅन्टीनमधून स्टीलचा पेला आणि बर्फ मागवला. थोड्या वेळानं पेल्याला बाहेरून थेंब धरले. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, पेल्याला घाम फुटला." वर्ग हसला. सर म्हणाले, "पेल्याला घाम कसा येईल? हे पाणी पेल्याचं नाही. ते तुमच्या-माझ्याभोवतीच्या हवेतलं आहे. पेला फक्त गार आहे." मग त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा ५ अंशांपर्यंत गार केली तर जेमतेम ७ ग्रॅम. उरलेल्याचं सांद्रीभवन होतं, म्हणजे पाणी होतं. आणि ३० अंशांच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश. म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात वस्तू जराशी गार झाली तरी पुरे, तिला पाणी सुटतंच.

मी वहीत आकडे उतरवत होते आणि एकाएकी माझा हात थांबला. मोटारीतला एसी म्हणजे तरी काय? आत कुठंतरी काहीतरी पेल्यासारखं गार असणार. मग त्याला सुटलेलं पाणी जातं कुठं? रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींच्या पोटाखालून थेंब थेंब पाणी गळताना मी पाहिलं होतं. आमच्या मांडवात उभ्या असलेल्या गाडीखाली मात्र असं पाणी कधी दिसलं नव्हतं. उलट पुढच्या सीटखाली, माझ्या पायाशी असलेली चटई नेहमी ओली असायची. ते माझ्या छत्रीचं पाणी, असं मी समजत आले होते.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास बुडवून मी आबा नेहमी जातात त्या गॅरेजात गेले. (सरांनी हे वाचलं तर क्षमा करावी.) चाचांना सगळं सांगितलं. ते हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "अगं पोरी, मग एवढे दिवस हा बाबा सांगत का नाही? घेऊन ये गाडी."

रविवारी गाडी नेली. चाचांनी डॅशबोर्डचा डावीकडचा कप्पा काढला आणि त्यामागून हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, ओढून काढला. नवा असताना तो कागदासारखा पांढरा असतो म्हणे. आमचा शेणाच्या गोवरीसारखा झाला होता. त्यात जांभळीच्या पानांचा चुरा, धूळ आणि केस अडकले होते. गाडी रात्रंदिवस जांभळीखाली उभी, दुसरं काय होणार? त्याच्याही आत अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल असते. इंग्रजीत तिला इव्हॅपोरेटर म्हणतात, गॅरेजात कूलिंग कॉइल. हाच आमचा पेला. हवा तिच्यावरून जाते, गार होते आणि आपलं पाणी तिथं सोडते. ते पाणी खालच्या नळीतून रस्त्यावर पडायला हवं. आमची नळी धुळीनं आणि पानांनी बुजली होती. चाचांनी खालून हवेचा झोत मारला आणि तांब्याभर काळपट पाणी भसकन जमिनीवर पडलं. त्याबरोबर जो वास आला तो मी लगेच ओळखला.

अंधार, ओल आणि खायला धूळ. बुरशीला आणि जिवाणूंना आणखी काय हवं? त्यात आमच्या काटकसरीनं भर घातली होती. गिऱ्हाईक उतरलं की आबा डिझेल वाचवायला एसी आणि पंखा दोन्ही तिथल्या तिथं बंद करायचे. पाऊस म्हणून काचा वर. आतली हवा आतच फिरवायचं बटण कायमचं दाबलेलं. भिजलेली कॉइल रात्रभर तशीच कोंडून राहायची. सकाळी पहिल्यांदा पंखा लागला की रात्रभराचं सगळं गिऱ्हाइकाच्या नाकात.

चाचांनी गाडीची दारं सताड उघडली, आम्हाला लांब उभं केलं आणि कॉइल धुवायचा फेस आत सोडला. तो विरघळून नळीवाटे खाली येईपर्यंत थांबले, मग बराच वेळ पंखा चालू ठेवला. नवा फिल्टर बसवला. आबांना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. मुक्काम किलोमीटर-दोन किलोमीटरवर आला की एसी बंद करायचा पण पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कॉइल सुकते. आणि बाहेरची हवा अधूनमधून आत येऊ द्यायची. जाता जाता लिंबाची आणि मोगऱ्याची डबी काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाले, "वासावर वास घालून वास जात नाही." चटया आम्ही घरी आणून चुलीजवळच्या दोरीवर वाळत घातल्या. ऑगस्टात ऊन कुठलं?

पुढे ग्रंथालयात मी याबद्दल थोडं वाचलं. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा नियंत्रित करणारं जे यंत्र आखलं, ते माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, म्हणून. म्हणजे हवेतलं पाणी काढणं हे या यंत्राचं मुळातलं काम. आणि काढलेल्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर तेच यंत्र कुजतं. आणखी एक गंमत कळली. ज्या मृद्गंधाचं आपण इतकं कौतुक करतो, तोही बराचसा मातीतल्या जिवाणूंचीच करणी आहे. अंगणात तो सुगंध. कोंडून ठेवलेल्या ओलीला मात्र वेगळा वास.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. गॅरेजातून परत येताना आबांनी एसी लावला, पंखा मोठा केला आणि मला म्हणाले, "बघ गो, येतो का? मला काय कळत नाही." मी दीर्घ श्वास घेतला आणि म्हटलं, "नाही आबा." ते थोडा वेळ गप्प राहिले. वळण घेतलं, गिअर बदलला. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "म्हणजे तो वास माझा नव्हता."

मी म्हटलं, "तुमचा कसा असेल?" किती सहज म्हटलं मी! जणू मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

मला ठाऊक नव्हतं. जुलैमधल्या त्या सकाळी ते गृहस्थ बोलले तेव्हा मला त्यांचं खरं वाटलं होतं. जन्मापासून मी आबांच्या अंगाखांद्यावर खेळले. त्यांच्या अंगाचा वास मला ठाऊक नव्हता असं नाही. साबणाचा, डिझेलचा आणि विडीचा असा तो वास आहे. पण कॉलेजात जाऊन एक महिना झाला होता, आणि मागे बसलेल्या चांगल्या कपड्यांतल्या, चांगलं बोलणाऱ्या माणसांचं नाक मला माझ्या नाकापेक्षा जास्त खरं वाटलं. मी गप्प राहिले एवढंच नाही. मी माझ्या बाजूची काच दोन बोटं खाली केली आणि तोंड बाहेर वळवलं.

आता भाडी पुन्हा मिळू लागली आहेत. आबांनी पावडर सोडली, जादा सदरा घरी राहिला. गाव जवळ आलं की ते न विसरता एसी बंद करतात आणि पंखा चालू ठेवतात. या अंकाची एक प्रत मी घरी नेणार आहे. आबा सावकाश वाचतात, पण छापलेलं सगळं वाचतात. म्हणून हे लिहिलं. तोंडानं सांगायचा धीर वर्षभरात झाला नाही.

त्या सकाळी बाहेर मुसळधार पाऊस होता. उघड्या काचेतून पाणी आत येत होतं, माझं दप्तर भिजत होतं. आबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. काच वर कर, असं ते म्हणाले नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला