डेडस्टॉकातली किल्ली

मराठीच्या प्राध्यापकांनी वायरलेस राउटरविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. लिहायला बसेपर्यंत आम्हां दोघांनाही तसेच वाटत होते. पण २०२४ च्या जूनमध्ये आमच्या विभागात जे घडले, त्याचा संबंध यंत्राइतकाच आमच्या विषयाशीही आहे, असे आता वाटते.

विभागाच्या ग्रंथालयात, कोशांच्या कपाटावर, २००८ सालापासून एक राउटर होता. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे आमच्या सरांनी, तो आणवला आणि स्वतः बसवला. सर २०१५ मध्ये निवृत्त झाले, २०२१ मध्ये गेले. राउटर मात्र चालू राहिला. जुने संगणक त्याच्यावर विनातक्रार चालत. अडचण उद्भवली ती विभागाला नवा लॅपटॉप मिळाला तेव्हा. लॅपटॉपला राउटर दिसे, पण राउटर त्याला आत घेत नसे. विद्यार्थ्यांच्या नव्या फोनांचीही तीच गत.

संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याने उलगडा केला. सरांनी राउटरला एक यादी दिलेली असणार. यादीत ज्या यंत्राचा पत्ता असेल, त्यालाच प्रवेश. हा पत्ता म्हणजे यंत्राच्या वायरलेस भागाला कारखान्यातच मिळालेला, बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. नवे फोन तर तोही सहसा खरा सांगत नाहीत. आपला माग काढला जाऊ नये म्हणून ते प्रत्येक जाळ्याला वेगळा, बनवलेला पत्ता देतात. म्हणजे यादी बदलायला राउटरच्या आत शिरणे आले.

केबल जोडली, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा आकडा घातला. ब्राउझरने पान उघडायलाच नकार दिला. राउटरच्या व्यवस्थापनाचे पान केवळ सांकेतिक, सुरक्षित जोडणीतूनच उघडावे, अशी व्यवस्था सरांनी करून ठेवली होती. २००८ मध्ये ती सावधगिरीच होती. पण राउटरला ठाऊक होत्या त्या एसएसएल ३.० आणि टीएलएस १.० या त्या काळच्या संकेतपद्धती. पहिलीतला गंभीर दोष २०१४ मध्ये उघड झाला आणि ब्राउझरांनी तिची साथ सोडली. दुसरीही प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये बंद केली. राउटर बोलायला तयार होता. ती भाषा बोलायची नाही, असे नव्या ब्राउझरने ठरवले होते. सरांनी आतून लावलेली कडी आता आम्हांलाच बाहेर ठेवत होती. सोबतच्या सीडीवरचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीसाठी लिहिलेला होता. तो नव्या लॅपटॉपवर चालेना.

"मॅडम, रीसेट मारू का?" सहकाऱ्याने विचारले. मागच्या छिद्रात टाचणी घालून काही सेकंद दाबून धरली, की राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. आम्ही हो म्हणणारच होतो. थांबवले ते ग्रंथालयातल्या मामांनी. "सरांनी त्यात पोरांची नावं घातलीत," ते म्हणाले. "मीच एकेकाला सरांकडे घेऊन जायचो."

मग डेडस्टॉकमधला एक्सपीचा संगणक मामांनी पुसून आणला. इंटरनेटला न लावता तो फक्त राउटरशी जोडला. त्यावरच्या जुन्या ब्राउझरने पान निमूट उघडले. सांकेतिक शब्द सीडीच्या पाकिटात, सरांच्या अक्षरात सापडला.

यादीत त्रेचाळीस पत्ते होते आणि प्रत्येकासमोर रोमन लिपीत एक शेरा. नाव, आणि कुठे कुठे नावापुढे दोन शब्द. सातवे नाव आम्हां दोघांपैकी एकीचे होते, पुढे 'भावाचा लॅपटॉप'. एका नावापुढे 'फक्त रविवारी'. एकापुढे 'परत येणार'. तो विद्यार्थी एम. ए. अर्धवट सोडून कामाला लागला होता. तो परत आला नाही. पण सरांनी त्याचा प्रवेश काढून घेतला नव्हता.

महानुभावांच्या सकळ लिपीविषयी आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवले, त्यांची किल्ली पंथाबाहेर गेली नाही; त्यामुळे 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ इतर मराठी वाचकांना कित्येक शतके अप्राप्य राहिला. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ते दालन उघडले. इतके सांगून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळतो. दुसरी बाजू आम्ही कधी सांगितलीच नाही. पंथाच्या आत ती किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात राहिली, म्हणून वाचणारे कायम राहिले. आमच्या विभागात ती साखळी सोळा वर्षांतच तुटली होती.

तरीही राउटर आहे तसा चालू ठेवणे बरोबर नव्हते. त्याच्या वायरलेस जोडणीला डब्ल्यूईपी ही १९९७ सालच्या मानकातली पद्धत लावलेली होती. तिच्यातले मूलभूत दोष २००१ मध्येच प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये तिच्या जागी सक्षम पद्धत आली. पण विभागातल्या तेव्हाच्या एका लॅपटॉपला दुसरी पद्धत येत नव्हती, म्हणून सरांनी तीच ठेवली. आज योग्य साधने असलेला कोणीही ती काही मिनिटांत फोडू शकतो. विद्यार्थ्यांचा पत्रव्यवहार अशा दाराआड ठेवता येत नाही. तेव्हा नव्या ब्राउझरचा नकार हा उद्दामपणा नव्हता, हेही मान्य करायला हवे. जुने ते जपावे. पण जपणे म्हणजे वापरात ठेवणे नव्हे, एवढा विवेक हस्तलिखितांच्या बाबतीत आपण बाळगतोच.

आम्ही यादी हाताने उतरवून घेतली आणि राउटर बंद केला. डेडस्टॉक रजिस्टरात वस्तूचे नाव, किंमत, खरेदीची तारीख यांचे रकाने असतात. ती वस्तू उघडायची कशी, याचा रकाना नसतो. म्हणून त्या नोंदीशेजारी एक कागद चिकटवला आहे: सांकेतिक शब्द, कोणता संगणक, कोणता ब्राउझर, सीडी कुठे आहे. नव्या राउटरसाठीही तसाच कागद केला आणि आमच्या पश्चात तो कोणाकडे राहील, हे ठरवून टाकले.

नव्या राउटरला नावांची यादी लागत नाही. परत येणार म्हणून लिहिलेला तो विद्यार्थी आलाच, तर त्याला आम्हांलाच ओळखावे लागेल.