दुहेरी रेघेचा हिशेब

ती. मामांस,
सा. न.

रिसोडच्या लग्नात, पंगतीत, तुम्ही विचारलंत, "काय वं पोरी, रेघा मोजू-मोजू काय भेटते?" सगळे हसले आणि उत्तर राहूनच गेलं. उभा जन्म जमीन मोजणीत घालवलेल्या माणसाला त्रोटक सांगून भागायचं नाही, म्हणून हे पत्र.

वाशीमपासूनच सुरुवात करते. भास्कराचार्यांनी 'करणकुतूहला'त पृथ्वीच्या मध्यरेखेवरची ठिकाणं दिली आहेत. त्यांत उज्जैनच्या आधी वत्सगुल्म येतं, म्हणजे आपलं वाशीम. पण ही मध्यरेखा नावाचीच रेखा. खरं तर ते वर्तुळ. गोलावर सरळ रेषा बसेल कशी? मात्र गोलाच्या समीकरणात संमिश्र संख्या, म्हणजे उणे एकाचं वर्गमूळही चालवून घेणाऱ्या संख्या, येऊ दिल्या की प्रत्येक बिंदूतून दोन सरळ रेषा निघतात! हे समीकरण दोन घातांचं, रेषा अगणित. तीन घातांचं घेतलं तर नेमक्या २७. हे केली आणि सॅमन या दोघांनी १८४९ मध्ये दाखवलं. सहगुणक हवे तसे बदला. पृष्ठभाग गुळगुळीत असेतो आकडा २७च. वास्तव, म्हणजे कागदावर काढता येतील अशा रेषा मात्र कधी ३, कधी ७, कधी १५, कधी सगळ्या २७. म्हणून आम्ही संमिश्र संख्यांत मोजतो. तिथे आकडा डळमळत नाही.

आता घोळ कुठे होतो ते ऐका. पाच शांकव दिलेत (वर्तुळ, लंबवर्तुळ ही त्याच कुळातली). पाचांनाही स्पर्श करणारे शांकव किती? श्टायनरनं १८४८ मध्ये हिशेब केला : स्पर्शाची एकेक अट सहा घातांची, अटी पाच, म्हणून सहाचा पाचवा घात, ७७७६. चोख गुणाकार, आणि उत्तर चूक. कारण एकच रेषा दोनदा गिरवली तर तोही बीजगणिताच्या लेखी शांकवच. ती दुसऱ्या शांकवाला जिथे छेदते तिथे दुहेरीच छेदते, आणि समीकरणाला तो स्पर्श वाटतो. सामाईक बांधावरचा दगड दोन्ही शेतांत धरला जातो ना, तसंच हे. अशा दुहेरी रेषा वगळून शाल यांनी १८६४ मध्ये खरा आकडा काढला : ३२६४.

चार घातांच्या पृष्ठभागावर बहुधा एकही सरळ रेषा नसते. मग वाकड्या मोजायच्या. हा पृष्ठभाग 'के-३' कुळातला. आंद्रे वेलनं १९५८ मध्ये हे नाव कुमर, केलर, कोदाइरा या तीन गणितज्ञांवरून आणि काश्मीरच्या के-२ शिखरावरून ठेवलं. चार घातांच्या पृष्ठभागाला तीन-तीन ठिकाणी स्पर्श करणारी प्रतलं ३२००. प्रत्येक प्रतल एक परिमेय वक्र, म्हणजे एकाच चलाच्या सूत्रांनी आखता येणारा वक्र, कापून देतं. कुळातल्या इतर पृष्ठभागांसकट अशा वक्रांचे आकडे असे चालतात : २४, ३२४, ३२००, २५६५०. रामानुजननं १९१६ मध्ये एका अनंत गुणाकाराचा अभ्यास केला होता. त्याचा व्यस्त घेतला की सहगुणक म्हणून हेच आकडे बाहेर पडतात. हे याऊ आणि झास्लो यांनी १९९६ मध्ये ओळखलं. कुठे वक्र, कुठे रामानुजन! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताळा पाहायला हातानं गुणाकार करत बसले होते.

पण हे सिद्ध करताना अडलं कुठे, तर पुन्हा तिथेच. एकच वक्र दोनदा, तीनदा गिरवला गेला तर तो किती धरायचा? तेवढं सोडून बाकीचं आधी सिद्ध झालं होतं. हा भाग २०१० मध्ये चौघांनी मिळून सोडवला. त्यांतले एक राहुल पंढरीपांडे. आडनाव आपल्याच मुलखातलं. वडील विजय पंढरीपांडे नागपूरचे, अणुगर्भाचे भौतिकशास्त्रज्ञ, इलिनॉयला प्राध्यापक होते. आई राजेश्वरी भाषाशास्त्रज्ञ. मराठीचं जाडजूड व्याकरण त्यांनी इंग्रजीत लिहिलं. राहुल आता झुरिकला शिकवतात आणि अजून वक्रच मोजतात.

दिवाळीत वाशीमला येईन. श्टायनरची आकडेमोड बरोबर आणते, तुम्ही तपासा. मामींना नमस्कार.

तुमची भाची