पावतीचा कोड कोणाचा?

"ताई, फुकट आहे म्हणता, मग हे दरपत्रक कसलं?"

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी 'कोहा'चा विषय मांडला तेव्हा कोषाध्यक्षांनी हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. दाखल नोंदवही, देवघेव, अनुदानाचे अहवाल यांत माझी बारा वर्षं गेलेली. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे एवढं एका कार्यशाळेत ऐकलं होतं, आणि मुक्त म्हणजे मोफत असंच मी धरून चालले होते.

तरीही ठराव झाला, कारण आम्ही एकदा पोळलो होतो. आधीचा प्रोग्रॅम ज्यांच्याकडून विकत घेतला त्यांनी व्यवसाय गुंडाळला आणि आमच्या पुस्तकांच्या सगळ्या नोंदी त्यात अडकून पडल्या. दोन उन्हाळे बसून आम्ही त्या पुन्हा हाताने भरल्या. कोहाचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला आहे, म्हणजे असं पुन्हा होणार नाही, हे मी सभेत ठामपणे सांगितलं.

दरपत्रक देणाऱ्यांनी कोहा त्यांच्या सर्व्हरवर बसवून दिला. आमच्याकडे सभासदाची अनामत परत करताना जशी पावती देतात तशी त्यात नव्हती. ती त्यांनी वेगळे पैसे घेऊन करून दिली. पुढच्या वर्षी आम्ही दुसरीकडे जायचं ठरवलं. नोंदी त्यांनी मुकाट्याने दिल्या. पावतीचा कोड मागितला तेव्हा उत्तर आलं, "तो आमचा भाग आहे, मॅडम. तो मिळणार नाही."

मला राग आला. कोहाला जीपीएल हा परवाना आहे हे तोवर कळलं होतं. जीपीएलखालचा प्रोग्रॅम बदलून कोणाला दिला तर बदललेला कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, हेही वाचलं होतं. पैसे आम्ही मोजलेले, मग पावती आमची! परवाना छापून घेतला, शब्दकोश जवळ ठेवून चार वेळा वाचला. चौथ्या वेळी नजर 'दिला तर' या अटीवर थांबली. त्यांनी आम्हाला प्रोग्रॅम दिलाच नव्हता. तो त्यांच्या सर्व्हरवर चालत होता आणि आम्ही ब्राउझरमधून तो फक्त वापरत होतो. प्रत हातात पडली नाही म्हणून कोड देण्याचं बंधनही त्यांच्यावर आलं नाही. नेमकी ही फट बुजवायला एजीपीएल हा वेगळा परवाना आला; त्यात नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही कोड मागता येतो. कोहाला तो नाही.

मग कोहाचाच इतिहास शोधला. न्यूझीलंडमध्ये लेविन नावाचं लहान गाव आहे. तिथल्या होरोव्हेन्युआ लायब्ररी ट्रस्टची जुनी संगणकप्रणाली सन २००० च्या तारखा झेपणारी नव्हती. १९९९ मध्ये ट्रस्टने कॅटिपो या छोट्या कंपनीकडून नवी बनवून घेतली आणि जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली. पैसे ट्रस्टने मोजले होते, पण प्रणाली जीपीएलखाली सगळ्यांना खुली केली. उद्या कंपनी राहिली नाही तरी दुसऱ्या कोणाला ती सांभाळता यावी, हा त्यामागचा एक विचार. हे वाचताना मला आमचे ते दोन उन्हाळे आठवले.

पुढे कॅटिपोचं कोहाचं काम लिबलाइम या अमेरिकन कंपनीने घेतलं. २००९ मध्ये तिने आपल्या ग्राहकांसाठी स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी वेगळी आवृत्ती जाहीर केली आणि त्या आवृत्तीचा कोड खुला होणार का, यावरून जगभरचे कोहावाले अस्वस्थ झाले. म्हणजे माझ्या पावतीचा प्रश्न त्यांना माझ्या कितीतरी आधी पडला होता. नंतर लिबलाइम पीटीएफएस या कंपनीकडे गेली आणि न्यूझीलंडमध्ये 'कोहा' या नावाच्या ट्रेडमार्कवरूनच वाद उभा राहिला. २०११ मध्ये लेविनच्या ट्रस्टला कायदेशीर खर्चासाठी लोकांकडे मदत मागावी लागली. दोन वर्षांनी निकाल ट्रस्टच्या बाजूने लागला. जीपीएलने कोड मोकळा ठेवला, पण नाव राखायला वकील लागला, आणि वकिलाला पैसे.

माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे भेट, पण पुढेमागे परतफेडीची अपेक्षा असलेली. हा अर्थ मला लगेच ओळखीचा वाटला. आमच्या घरी लग्नातल्या आहेराची वही अजून जपून ठेवलेली आहे. कोणी काय केलं ते बघून आई त्यांच्याकडच्या कार्याला निघते.

नव्या सेवा देणाऱ्यांशी करार करताना मी तीन गोष्टी लिहून घेतल्या. आमच्यासाठी केलेल्या प्रत्येक बदलाचा कोड आमच्या हातात येईल, तो जीपीएलखालीच असेल, आणि इतरांच्या उपयोगाचा असेल तर मूळ प्रकल्पाकडे पाठवला जाईल. तिसऱ्या अटीवर ते म्हणाले, "पाठवतो, पण वेळ लागतो. आधी दुसऱ्या कोणीतरी तो चालवून बघून सही करायची, मग गुणवत्ता तपासणी, मग तो मुख्य आवृत्तीत. त्या वेळेचे पैसे धरावे लागतील."

ती वाढीव रक्कम घेऊन मी पुन्हा कार्यकारिणीपुढे गेले. दुसऱ्या वाचनालयांना आयतं मिळणार त्याचे पैसे आपण का द्यायचे, असं विचारलं गेलंच. प्रश्न रास्त होता. अनुदानाचा हप्ता कधी येतो याची वाट बघत वर्तमानपत्रांची बिलं थांबवणारी आमची संस्था. मी लेविनची हकीकत सांगितली. आपण आज जे आयतं वापरतो त्याचे पैसे आपल्यासारख्याच एका गावच्या वाचनालयाने मोजलेत, असं म्हणाले. रक्कम निम्मी मंजूर झाली.

उरलेलं आपल्या हातून काय होईल, हे मी शोधत होते. मूळ प्रकल्पाकडे तपासणीसाठी आलेल्या बदलांच्या रांगेत अनेक बदल केवळ कोणीतरी चालवून बघावेत म्हणून थांबलेले असतात आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावंच लागतं असं नाही. ब्राउझरमध्येच तात्पुरता कोहा उभा करून बदल तपासायची सोय आहे. देवघेवीच्या पडद्यावरची एक छोटी दुरुस्ती मी निवडली. खोटा सभासद तयार केला, त्याला पुस्तक दिलं, परत घेतलं, सांगितलेल्या पायऱ्या एकेक करून पाहिल्या. रोज काउंटरवर करते तेच काम. दुरुस्ती बरोबर चालत होती. शेवटच्या चौकटीत माझं नाव घातलं आणि त्या बदलाखाली परदेशातल्या एका अनोळखी माणसाच्या नावानंतर तपासणारी म्हणून माझं नाव उमटलं.

पावतीचा कोड नव्या लोकांनी पहिल्यापासून लिहून दिलाय. तो अजून रांगेत आहे, कोणाच्या तरी सहीची वाट बघत.