मागणं आणि भेटणं

२००६ साली 'अमेरिकन हार्ट जर्नल'मध्ये एक शोधनिबंध आला होता. सहा इस्पितळांतले बायपासचे १,८०२ रुग्ण घेतले, तीन गट पाडले आणि दोन गटांसाठी ख्रिस्ती मंडळींनी चौदा दिवस प्रार्थना केली. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, न झालेल्या ५१ टक्क्यांना. आणि 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार' असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ५९! (बिचारे घाबरले असावेत, आपली केस एवढी वाईट आहे का म्हणून.)

आम्हा इंजिनियर लोकांना असले प्रयोग फार आवडतात. बाबांची पुण्यात बायपास ठरली तेव्हा इथल्या लॅबमधल्या टेक्निशियनकाकांनी विचारलं, "त्यांचं नाव सांगशील? प्रार्थना करीन म्हणतो." (इथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण साठीच्या माणसाला मनातल्या मनात तरी मी काकाच म्हणतो.) नाव सांगितलं आणि पाठोपाठ हा निबंधही सांगितला. काका हसले. त्यांनी तो वाचला होता. म्हणाले, "ते सगळं मागण्याबद्दल आहे. मागतो मीही. पण रोज पहाटे बसतो ते भेटायला."

काका बॅप्टिस्ट. रोज पाचला उठून अर्धा तास एकटे बसतात. आधी बायबलमधला छोटासा उतारा, मग वहीत चार ओळी, मग डोळे मिटून बोलणं, आणि शेवटी नुसतं गप्प राहणं. पाद्री नाही, पेटी-तबला नाही, प्रसाद तर नाहीच. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशूने सांगितलंय की प्रार्थना चव्हाट्यावर नको, खोलीत जा, दार लाव आणि एकांतात असलेल्या बापाशी बोल. चर्चमधली रविवारची गर्दी पाहून मला हे कधी सुचलंच नव्हतं, की यांच्या धर्माचा अर्धा कारभार असा बंद दाराआड चालतो!

काकांनी मला एक पातळसं पुस्तक दिलं, ब्रदर लॉरेन्सचं. हा सतराव्या शतकातला, पॅरिसच्या कार्मेलाइट मठातला आचारी. तरुणपणी सैनिक, पायाने अधू, आणि गंमत म्हणजे स्वयंपाकघराचा त्याला मनापासून कंटाळा. पण भांड्यांच्या खणखणाटातही देव शेजारी आहे असं समजून तो काम करत राहिला. १६९१ मध्ये तो वारल्यावर लोकांनी त्याची पत्रं आणि संभाषणं छापली. पंथाने कॅथलिक, पण प्रोटेस्टंट लोकही ती आवडीने वाचतात. मला वाचताना सारखी जनाबाई आठवत होती. तिच्या जात्यावर तर विठोबा स्वतःच दळायला बसायचा. आपल्याला हे अनोळखी नाही, एवढंच.

पण भेट होतेच असं कुठे आहे? मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत काहीच जाणवत नव्हतं, आणि तरी रोजची प्रार्थना चालू होती. आणि खुद्द येशूने गेथशेमानेच्या बागेत हा प्याला टळू दे म्हणून विनवलं. टळला नाही.

काकांच्या बायकोला गेली चार वर्षं स्मृतिभ्रंश आहे. ती बरी व्हावी म्हणून त्यांनी रोज मागितलं, आणि ती रोज थोडी थोडी विसरत गेली. आता ती त्यांना ओळखत नाही.

(बाबा छान आहेत. आईच्या मते हे श्रेय सारसबागेच्या गणपतीचं. काकांना सांगितलं, तर त्यांना काहीच हरकत नव्हती.)

"मग पहाटे तो येतो का?" मी एकदा धीर करून विचारलं. प्रश्न आगाऊ होता, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं. काका बराच वेळ पंपाचा नट घट्ट करत राहिले. मग म्हणाले, "कधी कधी येतो. कधी खोलीत मी आणि खुर्ची, बस. त्या दिवशीही अर्धा तास बसतो."

आणि मग?

"मग तिला उठवतो, नाश्ता भरवतो. 'तुम्ही कोण?' म्हणून ती विचारते, तर नाव सांगतो. पुन्हा विचारते, पुन्हा सांगतो."