बाई

परवा मारुती मंदिरापाशी भाजी घेत होतो. मागून हाक आली, "बाई!" आजूबाजूच्या दोन-तीन बायका वळल्या आणि मीही वळलो. मिसरूड फुटलेला एक मुलगा माझ्याकडेच बघून हसत होता. त्याची आई ओशाळली. "अरे, सर म्हण की!"

त्याची चूक नव्हती. इथल्याच एका बालवर्गात मी दोन वर्षं शिकवायचो. शिकवते ती बाई, एवढं मुलांना पक्कं ठाऊक. "बाई, शू!" म्हणत माझा सदरा ओढायची. मलाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. (सौ. मात्र अजून चिडवते.)

मोठ्यांचं तसं नव्हतं. "बापयमाणूस कशाला पोरांत?" हे पहिल्यांदा आमच्या आत्येनेच विचारलं. आत्ये, वाचत असशील तर रागावू नकोस! मग एका पालकांची तक्रार आली. मी काही केलं म्हणून नाही, मी तिथे आहे म्हणून. त्यानंतर मला सांगण्यात आलं, रडणारं मूल कडेवर घ्यायचं नाही. बाकीच्या बाई घेत होत्या. शाळेच्या पहिल्या आठवड्यात, हात वर करून रडणाऱ्या तीन वर्षांच्या पोरापुढे नुसतं उभं राहून बघा कधीतरी. मी सोडलं.

पालकांची भीती खोटी म्हणवत नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांची बातमी आली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला. मलाही मुलगी आहे. मुलांपाशी कुणीच मोठं माणूस एकटं नको, असा नियम असता तर आनंदाने पाळला असता. पण तो फक्त माझ्यापुरता होता.

सरकारदरबारीही तेच. १९७५ साली अंगणवाड्या सुरू झाल्या, पद 'सेविका'. 'सेवक' नाहीच. आणि गंमत बघा, आपल्या ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते भावनगरला, गिजुभाई बधेकांबरोबर. हे गिजुभाई मूळचे वकील. १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर काढलं. लोकांनी प्रेमाने नाव दिलं 'मूछाळी मा', मिशीवाली आई. कौतुक करायचं तेही आई करूनच! साने गुरुजी तर आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. त्यांनाही आपण माउलीच म्हणतो. बाप म्हणावं असं कुणाला सुचत नाही.

असो. त्या मुलाला माझं नाव आठवत नव्हतं, खेकड्याची गोष्ट मात्र आठवत होती. भर बाजारात त्याने दोन्ही हातांच्या नांग्या करून दाखवल्या.

"हल्ली काय करता?" आईने विचारलं.

"सातवीला गणित शिकवतो."

"हां, ते बरं," ती म्हणाली.