मधुकराचा हिशेब

मधुकरी हा शब्द आपल्या घरांतून आतां जवळजवळ लोपला आहे. आमचे आजोबा वाईस वेदाध्ययनासाठीं राहिले असतां पांच घरीं मधुकरी मागत आणि जें मिळे तें एकत्र करून जेवत. एकाच घरीं पोटभर कां मागूं नये, असें लहानपणीं मीं त्यांस विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "अरे, मधुकर म्हणजे भ्रमर. तो एका फुलास ओरबाडीत नाहीं. थोडें घेतो आणि पुढें जातो." हें उत्तर धर्माचें होतें. त्यांत व्यवहाराचेंही एक तत्त्व दडलेलें आहे, हें सेवानिवृत्तीनंतर प्राणिशास्त्राचीं पुस्तकें वाचतांना माझ्या ध्यानांत आलें.

सृष्टींत अन्न सर्वत्र सारखें पसरलेलें नसतें. तें ठिकठिकाणीं, पुंजक्यापुंजक्यांनीं असतें. मधला प्रदेश ओसाड. पिकावरील माव्याचेंच उदाहरण घ्या. एखाद्या शेंड्यावर तो दाट असतो, तर शेजारच्या रोपावर मुळींच नसतो. ढालकिड्याची अळी हा मावा खाते. तिला एक किडा सांपडला कीं तिची चाल मंदावते व ती वारंवार वळूं लागते, जणूं आणखी किडे येथेंच असतील असें ती जाणते. बराच वेळ कांहीं न सांपडलें, कीं ती सरळ वाट धरून दूर निघते. तिच्याजवळ नकाशा नाहीं; तरी एवढ्या एका नियमावर तिचा निर्वाह चालतो.

परंतु सांपडलेलें ठिकाण सोडावें केव्हां, हा प्रश्न अधिक बिकट आहे. आपण म्हणूं, तेथील अन्न संपल्यावर. एरिक चार्नोव्ह या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७६ सालीं गणितानें दाखविलें कीं, हें उत्तर बरोबर नव्हे. एका ठिकाणीं जों जों खावें, तों तों पुढचा घांस मिळण्यास अधिक वेळ लागतो. तेथील मिळकतीचा वेग उतरत उतरत जेव्हां सगळ्या प्रदेशाच्या सरासरीइतका होतो, आणि या सरासरींत प्रवासाचा वेळही धरावयाचा असतो, तीच निघण्याची वेळ. म्हणजे निघतांना मागें कांहीं अन्न शिल्लकच राहतें. दुसरा निष्कर्ष असा कीं, पुढचें ठिकाण जितकें दूर, तितका मुक्काम लांब. रिचर्ड कॉवी यांनीं १९७७ सालीं 'ग्रेट टिट्' नांवाच्या चिमणीएवढ्या पक्ष्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. कृत्रिम झाडांवर भुशानें भरलेले पेले ठेवून त्यांत अळ्यांचे तुकडे लपविले होते. पेल्यांचीं झांकणें उघडण्यास अवघड केलीं, कीं पक्षी प्रत्येक पेल्यापाशीं अधिक वेळ थांबत.

हें सारें आपणांपुढें मांडण्यास कारण घरगुती आहे. माझ्या पुतण्यानें गेल्या वर्षीं बंगळुरास नोकरी धरण्याचा बेत सांगितला. थोरले बंधू फार दुखावले. शेत अजून पिकतें, छप्पर गळत नाहीं, घरांत वडीलधारीं माणसें आहेत. मग निघण्याचें कारण काय, असा त्यांचा सवाल. पंधरा दिवस बापलेकांत बोलणें नव्हतें, आणि वहिनी दोघांचीं ताटें निरनिराळ्या वेळीं वाढीत.

मीं म्हटलें, "दादा, घर रितें झालें म्हणून तो निघत नाहीं. शेत तेवढेंच आहे आणि खाणारीं तोंडें वाढलीं. रितें होईपर्यंत तो थांबला, तर त्याचा काळ जाईल आणि मागच्यांचा घांसही कमी होईल."

दादांनीं शांतपणें विचारलें, "या तुझ्या गणितांत आईचें वय कोठें मांडलें आहेस?"

प्रश्न रास्त होता. आमच्या मातुश्री नव्वदीच्या घरांत आहेत. चार्नोव्हांचें गणित दाण्यांचें आहे, ऋणाचें नव्हे. पक्षी झाड सोडतो, तेव्हां त्या झाडाचें त्याला कांहीं देणें नसतें. परंतु मधमाशीची गोष्ट निराळी. ती किती दूर गेली तरी तिचा प्रवास पोळ्यापाशीं संपतो. तेथें ती अंधारांत विशिष्ट चालीनें नाचून फुलांची दिशा व अंतर इतर माश्यांस कळविते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांस १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. तिनें आणलेला मध तिच्या एकटीचा नसतो. म्हणून मीं दादांस म्हणालों, "त्याला पक्षी समजूं नका, मधमाशी समजा, आणि तसें वागण्याचें वचन त्याच्याकडून घ्या."

वचन घेतलें गेलें. पुतण्या श्रावणांत गेला. आजीच्या औषधांचा खर्च आतां तो पाठवितो, आणि दर रविवारीं दूरध्वनीवरून दादा त्याला उसाची हकीकत सांगतात. त्याची खोली वहिनी रोज झाडून ठेवितात. तिचें दार लावूं नये, अशी दादांची ताकीद आहे.

एकत्र कुटुंबांतील तरुण मंडळी आज ना उद्यां निघणारच. घर ओरबाडलें जाण्यापूर्वींच कोणी निघाला, तर त्यास कृतघ्न म्हणूं नये. मात्र निघणाऱ्यानेंही मधुकराचें अर्धेंच व्रत पाळून भागत नाहीं. आजोबा पांच घरीं फिरत, परंतु मिळालेलें अन्न गुरुगृहीं आणून, तें गुरूंस दाखवूनच मग पानावर बसत.