मामांच्या गावात 'आई'

जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या रुस्तावेली रस्त्यामागच्या चढाच्या गल्ल्या संपल्या की म्तात्समिंदा डोंगरावर नेणारी रेल्वे लागते. १९०५ साली सुरू झालेली ही छोटी गाडी दोराच्या जोरावर सरळ कडाच चढते. मी मधल्याच थांब्यावर उतरले. तिथे संत दावितांचं चर्च आहे. लोक त्याला 'मामादाविती' म्हणतात.

जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील आणि आई म्हणजे देदा. धर्मगुरूंनाही वडीलच म्हणतात. चर्चच्या अंगणात एका आजीबाईंनी "मामाओ!" अशी हाक दिली आणि दाढीवाले, काळ्या झग्यातले गुरू वळले. क्षणभर मला माझं आजोळच आठवलं. दूध पिताना तान्ह्याच्या नाकातून येणारा 'म्' आईला चिकटतो, असं भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी मांडलं आहे. आपण तो मायला दिला, तिच्या भावालाही दिला. या लोकांनी बापाला दिला.

चर्चला लागूनच थोरामोठ्यांची दफनभूमी आहे. मला पाहायची होती ती याकोब गोगेबाश्विली यांची समाधी. १८७६ साली त्यांनी मुलांसाठी 'देदा एना', म्हणजे मातृभाषा, हे बाराखडीचं पुस्तक काढलं. पिढ्यान्‌पिढ्या जॉर्जियन मुलं त्यावर वाचायला शिकली. त्यातलं पहिलंच वाक्य आहे 'आइ इआ': हे बघ, व्हायोलेटचं फूल! मातृभाषेच्या पुस्तकाचं पान उघडावं आणि पहिलाच शब्द मराठी कानाला 'आई' ऐकू यावा! दोन्ही शब्दांचं काही नातं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिथे उभी राहून मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं, दोनदा म्हटलं.

लेखक इल्या चावचावाद्झेही इथेच विसावले आहेत. देश, भाषा, धर्म ही त्रिसूत्री त्यांच्या नावाशी जोडली जाते आणि त्यातल्या देशाला जॉर्जियन शब्द आहे 'मामुली', म्हणजे बापजाद्यांची भूमी. अरबीतून आपल्याकडे आलेलं मामुली मात्र किरकोळ गोष्टीला लावायचं. इथे तो शब्द कोणी हलक्या आवाजात उच्चारत नाही.

उतरताना मी पायवाट धरली आणि पुन्हा रुस्तावेलीवर, जुन्या सरकारी इमारतीसमोर आले. १९७८ साली नव्या संविधानाच्या मसुद्यातून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढला गेला, तेव्हा हजारो लोक, त्यांत कितीतरी विद्यार्थी, याच रस्त्यावर उतरले होते. सोव्हिएत सत्तेला माघार घ्यावी लागली. तो दिवस होता १४ एप्रिल. आता दरवर्षी तो इथे भाषेचा दिवस म्हणून साजरा होतो.